गंजलेला सिल कापण्याआधी

गाडीच्या दाराखालच्या सिलवर रंगाला वाटाण्याएवढा फोड आला होता. स्क्रू ड्रायव्हरचे टोक त्यावर जरा दाबले, तर ते सरळ आत गेले आणि तपकिरी पापुद्र्यांचा ओंजळभर चुरा जमिनीवर सांडला. सिल हा पेटीसारखा पोकळ भाग असतो. त्याच्या तळाची पाणी निघून जाण्याची भोके चिखलाने बुजली की ओल आतच कोंडते, आणि वर फोड दिसेपर्यंत पत्रा आतून खाल्लेला असतो. त्यामुळे फोड घासून, लांबी (पुट्टी) भरून, वर रंग मारण्याला मी दुरुस्ती मानत नाही. त्या लांबीखाली गंज पूर्वीसारखाच वाढत राहतो.

जुना पत्रा कापून नवा जोडायचा हे एकदा ठरले की हात ग्राइंडरकडे वळतो. मात्र खरे काम त्याच्या आधीचे आहे. ज्या गाड्यांना वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते, त्यांत सिल शोभेसाठी नसून गाडीचा भार पेलण्यासाठी असतो. पहिल्या गाडीच्या वेळी मी दाराच्या चौकटीला आतून आडवे-तिरपे लोखंडी पाइप न जोडताच सिल कापला, गाडी मधोमध किंचित खचली आणि ते माझ्या ध्यानात आले नाही. नवा सिल पक्का जोडून झाल्यावर दार लावायला गेलो, तर त्याची वरची कड चौकटीला घासत होती आणि खालची फट मात्र रुंदावली होती. नवाकोरा सिल पुन्हा कापून काढावा लागला. तेव्हापासून चौकटीला आधार दिल्याशिवाय आणि दाराभोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवल्याशिवाय मी काहीही कापत नाही, आणि दोन्ही बाजूंचे सिल एकाच वेळी तर कधीच काढत नाही.

कारखान्यातले स्पॉट वेल्ड, म्हणजे दोन पत्रे जोडणारे ठिपक्यांसारखे सांधे, 8 मिलिमीटरच्या कटरने फक्त वरच्या थरापुरते कापावेत, म्हणजे खालचा चांगला पत्रा शाबूत राहतो. नवा सिल आधी क्लॅम्प आणि स्क्रूंनी नुसता बसवून, दार टांगून, ते उघडझाप करून पाहावे. फटी लिहिलेल्या मापांशी जुळल्या तरच वेल्डिंगला हात घालावा. बॉडीचा पत्रा साधारण 0.8 ते 1 मिलिमीटर जाडीचा असतो. तापला की तो फुगतो आणि निवताना आकसतो, म्हणून सलग शिवण मारल्यास त्याला लाटा येतात. मी 0.6 मिलिमीटरची वेल्डिंगची तार वापरून एक टाका या टोकाला, दुसरा त्या टोकाला असे मारत जातो आणि मधला पत्रा हाताला सोसेल इतका निवल्यावरच पुढचा टाका घेतो. हे कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय मला सापडलेला नाही.

जिथे दोन पत्रे एकावर एक येतात, तिथे जोडण्याआधीच जस्ताचा वेल्डिंगचा प्रायमर लावावा, कारण नंतर तिथे ब्रश पोचत नाही. वेल्डिंग करताना निघणारा त्याचा धूर मात्र छातीत जाऊ देऊ नये. रंग पूर्ण वाळला की लांब नळीने सिलच्या पोकळीत मेण फवारतो. तळाच्या भोकांतून ते थेंब थेंब गळू लागले म्हणजे खालपर्यंत पोचले असे समजतो आणि गळणे थांबल्यावर प्रत्येक भोक तारेने पुन्हा मोकळे करतो.