ब्रेक दाबला की पट्टे

जूनचा दुसरा आठवडा होता. शाळा सुरू व्हायच्या तोंडावर कराडातल्या आमच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात शाळेच्या व्हॅनवाल्यांची रीघ लागते. त्यातले एक मामा आधीच वैतागून आले होते. रिव्हर्स कॅमेऱ्याच्या चित्रात पट्टे येत होते. बसवणाऱ्याने दोनदा कॅमेरा बदलून दिला, वर फिल्टरही लावला, पण पट्टे हटेनात. "गेटात रोज रिव्हर्स घ्यावी लागते. बालवाडीची पोरं आरशात दिसतच नाहीत, म्हणून तर कॅमेरा घेतला," मामा म्हणाले.

इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन केली, रिव्हर्स टाकला. चित्र लख्ख. स्टार्टर मारला आणि आडवे पट्टे सरकायला लागले. रेस दिली की पट्टे बारीक आणि दाट होत. म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरची लहर चित्रात शिरत होती. अल्टरनेटर मुळात एसी तयार करतो, त्यातले डायोड त्याचा डीसी करतात, तरी थोडी लहर उरतेच, आणि ती इंजिनाच्या वेगाबरोबर बदलते. अशी लहर प्रत्येक गाडीत असते. या गाडीत ती स्क्रीनपर्यंत कुठून पोचत होती, ते शोधायचं होतं.

मला आधी वायरीचाच संशय आला. कॅमेऱ्याचं चित्र स्क्रीनपर्यंत नेणारी पिवळ्या पिनची व्हिडिओ वायर फ्युएल पंपाच्या वायरिंगला चिकटून नेली होती. पायदानाच्या पट्ट्या उचकटून ती दुसऱ्या बाजूने ओढली. तासभर गेला आणि फरक शून्य. मग दुकानातली ७ एएचची सुटी बॅटरी घेऊन कॅमेऱ्याच्या दोन्ही वायरी तिच्यावर जोडल्या. इंजिन चालू असूनही पट्टे गायब! कॅमेरा चांगला, स्क्रीनवाला स्टिरिओ चांगला, व्हिडिओ वायरही चांगली. खोट गाडीतून मिळणाऱ्या सप्लायमध्ये होती. पण पॉझिटिव्हला तर फिल्टर लावलेला होता.

वायरी परत गाडीवर जोडून मी सीटवर बसलो. सवयीने पाय ब्रेकवर गेला आणि पट्टे एकदम जाड झाले. पाय काढला, कमी झाले. पुन्हा दाबला, पुन्हा जाड. तेवढ्यात मागे उभा असलेला आमचा पोरगा ओरडला, "दादा, तुम्ही ब्रेक दाबला की रिव्हर्सचा दिवा मंद होतोय!"

कोडं त्यानेच सोडवलं. एक दिवा लावला की दुसरा मंदावतो, तिथं अर्थ, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची जोडणी, गेलेला असतो.

मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं डाव्या टेललॅम्पच्या अर्थच्या थिंबलला, म्हणजे वायरीच्या टोकाच्या बोल्टखालच्या कडीला, लावलं. नुसत्या रिव्हर्सवर ०.३ व्होल्ट, ब्रेक दाबल्यावर १.२. तिथं ०.१ सुद्धा येता कामा नये. कॅमेऱ्याची काळी वायर त्याच बोल्टला होती. बल्बच्या करंटला बॉडीतून परत जायला वाट मिळेना, म्हणून त्यातला काही व्हिडिओ वायरच्या आतल्या तारेभोवतीच्या जाळीतून स्टिरिओकडे जात होता, लहरीसकट. कॅमेऱ्याचा सगळा सिग्नल मिळून साधारण १ व्होल्टचा. त्यात एवढा धक्का बसल्यावर चित्र टिकणार कसं? पॉझिटिव्हवरचा फिल्टर इथं काही करूच शकत नव्हता.

दहाचा पाना लावून बोल्ट काढला. थिंबलखाली पत्रा दिसलाच नाही, प्रायमर आणि त्यावर पांढरा रंग. मामांना विचारलं तेव्हा कळलं, गेल्या वर्षी व्हॅनला मागून ठोकर बसली होती, डेंटिंग-पेंटिंग केलं होतं. रंगवणाऱ्याने अर्थची जागाही रंगवून टाकली होती. पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा निघेपर्यंत घासलं, दातेरी वॉशर टाकून बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली. ब्रेक दाबून मीटर पाहिला, ०.०४. स्क्रीनवर दुकानाची पायरी, पायरीवरची चप्पल, सगळं स्वच्छ.

पण मला पट्ट्यांपेक्षा दुसरीच गोष्ट लागून राहिली होती. मामांना मागे नेऊन उभं केलं आणि पोराला ब्रेक दाबायला सांगितला. डावा दिवा आता भर दुपारीही लालभडक दिसत होता. इतके दिवस तो मंदच पेटत होता, आणि आत पोरं बसलेली.

मामा बराच वेळ दिव्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मागच्या मार्चात एक मोटारसायकलवाला अगदी टेकता टेकता राहिला. मी त्यालाच नको नको ते बोललो."

मी पाना उचलला आणि उजव्या बाजूचा बोल्ट खोलायला घेतला. त्याच्याखालीही रंगच होता.