दहा ते अकरा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी खांबावर एक पाटी आहे. सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते अकरा, गाडी फक्त परमिटवाल्यांनीच, म्हणजे पैसे भरून परवाना घेतलेल्या इथल्या रहिवाशांनीच लावायची. दिवसातला एवढा एकच तास. बाकीच्या वेळी कुणीही यावं, गाडी लावावी, पैसे पडत नाहीत. या पाटीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. यंदा आमच्या महालक्ष्म्यांचं जेवण सोमवारी आलं आणि लिहायला बसलेच.

आम्ही लंडनच्या वायव्येकडच्या उपनगरात राहतो. ट्यूबचं, म्हणजे भुयारी रेल्वेचं स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आहे. लांबून येणारे लोक अशा गल्ल्यांत गाडी लावतात, ट्रेनने कामाला जातात आणि संध्याकाळी घेऊन जातात. मग घरवाल्यांनी जायचं कुठे? यावर दिवसभर बंदी घालता आली असती. पण मग प्लंबर, दुपारचे पाहुणे, आजाऱ्याला पाहायला येणारी मुलगी, सगळ्यांचेच वांधे झाले असते. म्हणून फक्त दहा ते अकरा. जो दिवसभरासाठी गाडी टाकून जातो, त्याची गाडी त्या तासाला इथे असणारच आणि तो ऑफिसात बसलेला असणार. तेवढा तास अडवला की तो आपसूक बाद. काही भागांत शेजारच्या परमिट-झोनला दुपारचा तास असतो, म्हणजे तोच तपासनीस इथलं आटोपून तिकडे जाऊ शकतो. ना गेट, ना वॉचमन, ना भांडण. ज्याने हे सुचवलं त्याने आधी लोक कसे वागतात ते नीट पाहिलं असणार, आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं.

पण महालक्ष्म्यांच्या दिवशी पाहुण्या बायका दहालाच येतात. सोळा भाज्या, आंबील, पुरण, हे काही एकटीचं काम नाही. पाहुण्यांसाठी वेगळी परमिटं मिळतात. आमच्याकडे ती कागदी आहेत, तारीख-महिना खरवडून काचेमागे ठेवायची. वर्षाला मोजकीच मिळतात. गाड्या जास्त आणि परमिटं कमी, असा हिशेब आदल्या संध्याकाळपर्यंत जुळत नव्हता.

तेव्हा शेजारच्या आजींनी बेल वाजवली. नव्वदीकडे झुकलेल्या, एकट्या राहतात, गाडी केव्हाच विकली. म्हणाल्या, माझ्या घरापुढच्या अंगणातली जागा रिकामीच असते, दोन गाड्या लावा, फक्त साडेबाराला मला बघायला बाई येते, तेव्हा एक काढा. थोड्या वेळाने खिडकीतून पाहते तर एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने चाकांचा कचऱ्याचा डबा ओढतायत, आमच्या गाड्यांना जागा व्हावी म्हणून. माझे बाबा यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडून उन्हाळ्यातच आले आहेत. ते चपला न घालताच धावले. दोघांची भाषा वेगळी, पण तीनही डबे भिंतीला लागले आणि आजींनी बाबांना बिस्किटाचा पुडा दिला.

बाबांना परमिटाचं काही पटलं नाही. "आपल्या गावात पाहुणा आला तं गाडी कोठी लावू हे इचाराच लागत नाही, बाई. ज्याच्या दारात सावली असल त्याच्या दारात लावते. इथं पाहुण्याचाई कागद लागते?"

बरोबर आहे त्यांचं. आपल्याकडे अनोळखी गाडी दिसली की लोक आधी विचारतात, कोणाकडे आले, पाणी घेता का. इथे मी दर वर्षी परमिटचे पैसे भरते, तरी दारासमोर जागा मिळेलच याची हमी नाही, आणि हे अर्जातच लिहिलेलं असतं. दंड चौदा दिवसांत भरला तर निम्मा, नाहीतर पूर्ण. पाटीवरच्या वेळेपुढे कुणाची सबब फारशी चालत नाही.

पण आपलं ते सगळंच मोकळं आणि छान, हेही मी मानत नाही. रस्त्यावर मांडव पडला, बाजूला कुणाची रेती-गिट्टी पडलेली असली, की १०८ ची गाडी चार घरं अलीकडे थांबते आणि माणसाला बाजेवर उचलून न्यावं लागतं. सावलीतल्या गाडीला कुणी बोलत नाही, तसं मांडव-रेतीवाल्यांनाही कुणी बोलत नाही. उलट लंडनमध्ये फुटपाथवर गाडी चढवायला १९७४ च्या कायद्यापासून बंदी आहे. परवानगीची पाटी असेल तिथेच चाक वर न्यायचं. त्यामुळे बाळाची गाडी, म्हाताऱ्यांची चाकाची खुर्ची, सगळं फुटपाथवरून सरळ जातं. अपंगांना निळा बॅज असतो. तो असला की बहुतेक भागांत, एरवी गाडी लावायला बंदी असलेल्या पिवळ्या रेषेवरही, माल चढवण्या-उतरवण्याची बंदी नसेल तिथे, तीन तास थांबता येतं. सोबत कागदी घड्याळावर आल्याची वेळ लावून ठेवायची.

अंगणाचं मात्र वाईट वाटतं. गाडीसाठी लोकांनी घरापुढच्या बागा फरशीखाली घातल्या. २००८ पासून इंग्लंडमध्ये घरापुढे पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरशी घालायची आणि पाणी रस्त्यावर सोडायचं तर परवानगी लागते, कारण पावसाचं सगळं पाणी गटारात धावतं. बाबा रोज सकाळी या फरशीकडे पाहून म्हणतात, सडा कोठी टाकाचा?

खरं सांगायचं तर त्या पाटीकडे पाहून मला आठवते ती कापसाची रांग. पहिला वेचा घरात आला की बाबा ट्रॅक्टर भाड्याने घेऊन खरेदी केंद्रावर जायचे. रांग जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या गेटपासून रस्त्यावर, अर्धा रस्ता ट्रॉल्यांनी भरलेला. रात्र तिथेच, कापसावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर बाबा. हमीभावाच्या खरेदीत ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव मिळतो. त्याच्या वर कटती, आणि बाराच्या पुढे माल परत. म्हणजे माणूस रांगेत जागतो आणि दव त्याच्या कापसावर पडतं. मधेच कुणी ओळखीचा गाडी घुसवतो, त्यावर भांडणं होतात. ट्रॉलीचं भाडं तर थांबलेल्या प्रत्येक दिवसाचं चढत राहतं.

आता कापूस महामंडळाच्या (सीसीआय) कपास किसान ॲपवर नोंदणी करून स्लॉट घ्यायचा असतो. चांगलंच आहे. पण स्लॉट असला तरी गेटबाहेर उभं राहायची जागा लागतेच. आमच्या गल्लीत रिकाम्या गाडीने एक तास कुठे उभं राहायचं याचा एवढा विचार होतो, मग वर्षाचं पीक घेऊन आलेल्या माणसाच्या रात्रीचा का होऊ नये? त्याला मोठी योजना लागत नाही. रस्त्याच्या एकाच कडेला चुन्याची रेघ, ट्रॉलीवर आलेल्या क्रमाचा खडूने नंबर, तो नंबर गेटवरच्या फळ्यावर, पाण्याची टाकी, एक दिवा, दव अडवायला टिनाचं छप्पर. गाडी घुसवणाऱ्याचा नंबर फळ्यावर नसेल तर तो आपसूक बाद.

बाबा नोव्हेंबरात परत जातायत. बाजार समितीत त्यांच्या ओळखीचे दोन संचालक आहेत. विषय काढतो म्हणाले आहेत. मी त्यांना हे सगळं मराठीत एका कागदावर लिहून देते आहे, आणि आपल्या तालुक्यातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांनीही हा कागद मागून घ्यावा.