मेमरी कार्ड घेताना मी आधी काय पाहतो

मेमरी कार्डावर ठळक छापलेला वेग बहुधा वाचनाचा, आणि तोही कमाल असतो. कॅमेऱ्याला मात्र न अडखळता लिहिण्याचा वेग लागतो, म्हणून मी आधी सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लेखनाची हमी देणारे व्ही३० हे चिन्ह शोधतो. फोर-के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिटने होत असले, तरी आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने प्रत्यक्षात साडेबारा मेगाबाइटच लागतात; त्यामुळे हौशी छायाचित्रकाराने व्ही९० (किमान ९० मेगाबाइट) साठी पैसे मोजणे मला निव्वळ उधळपट्टी वाटते. जुना कॅमेरा केवळ एसडीएचसी (३२ गिगाबाइटपर्यंतचा कार्डप्रकार) स्वीकारत असेल, तर ३२ गिगाबाइटपुढचे कार्ड घेऊ नये. फोनमध्ये अ‍ॅप ठेवायची असल्यास ए१ किंवा ए२ हे अ‍ॅप चालवण्याच्या क्षमतेचे चिन्ह पाहावे. बाजारात छापलेल्यापेक्षा कमी जागेची बनावट कार्डेही सर्रास मिळतात, तेव्हा नवे कार्ड एकदा काठोकाठ भरून, त्यातील फाइली पुन्हा उघडून तपासाव्यात.