दुसऱ्या आठवड्यातला फोन

डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात निवासी उपचार ३५ दिवसांचे असतात. माझा थोरला भाऊ ज्या केंद्रात दाखल झाला होता, तेथील मुक्कामही जवळपास तेवढाच होता आणि आम्ही घरी कॅलेंडरवर एकेक दिवस खोडत होतो.

पहिला टप्पा शरीरातून दारू उतरवण्याचा. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने ती एकाएकी तोडली, तर काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पुढच्या दोन-चार दिवसांत काहींना फिट येते, काहींना भास होतात आणि क्वचित ते जिवावरही बेतते. (‘खोलीत कोंडून ठेवा, आपोआप सुटेल’ असे सांगणारे एक काका आमच्याकडेही होते.) केंद्रात डॉक्टरांनी दादाला लोराझेपाम ही हा त्रास शमवणारी गोळी देऊन तिचा डोस टप्प्याटप्प्याने उतरवत नेला आणि थायमिनची इंजेक्शने दिली, कारण दीर्घकाळच्या दारूने ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता होऊन मेंदूला इजा पोहोचू शकते.

नवव्या-दहाव्या दिवशी तो जेवू लागला, चेहऱ्यावर तजेला आला आणि त्याचा फोन आला : ‘मी आता ठणठणीत आहे, मला घेऊन जा.’ आई तर निघायच्या तयारीत होती. समुपदेशकांनी तिला थांबवले. विष उतरले आहे, उपचार आता सुरू होतील, असे ते म्हणाले. पहिल्या आठवड्यातल्या हालांपेक्षा हा टप्पा अधिक फसवा असतो, असे मला आज वाटते, कारण त्यात रुग्ण आणि घरचे दोघेही एकाच वेळी फसतात.

नंतरचे दिवस वरकरणी साधेच होते : योगासने, झाडलोट, गटचर्चा, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची सभा. दादाला व्यसनापायी काय काय गेले याचा हिशोब लिहून काढायला सांगितले होते. पहिल्या खेपेस त्याने नोकरी, स्कूटर आणि सोसायटीचे कर्ज एवढेच लिहिले, आणि सारा दोष साहेबांना दिला. गहाण टाकलेल्या आईच्या पाटल्या त्याने चौथ्या आठवड्यात, कोणी न विचारता, त्या यादीत घातल्या.

वहिनीलाही केंद्रातल्या पत्नींच्या गटात बसवले जाई. ‘मी काय पिते का?’ म्हणून ती आधी चिडली होती. पण त्याच्या कचेरीत ‘ताप आहे’ असे खोटे फोन करून आपण इतकी वर्षे काय सांभाळत होतो, हे तिला तेथेच उमगले.

घरी परतल्यावर तिसऱ्या महिन्यात दादा एकदा घसरला. त्या वेळी वहिनीने कचेरीत फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच समुपदेशकांना फोन लावला आणि दुपारच्या एसटीने तो पाठपुराव्याला एकटा गेला.