दिवसभर स्लोडाइव्ह

सकाळी हेडफोन घालून स्लोडाइव्ह या इंग्लिश बँडचा पहिला अल्बम 'जस्ट फॉर अ डे' लावला, तो अजून सुटला नाहीये. १९९१ मध्ये आला तेव्हा इंग्लंडमधल्या रेडिंगची ही मुलं जेमतेम विशीतली होती!

गिटार आहेत, पण तार छेडल्याचा आवाजच जाणवत नाही. रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) आणि डिले (तो पुन्हा पुन्हा ऐकवणारा) यांमधून सूर धुक्यासारखे पसरत जातात. नील हॉलस्टेड आणि रेचल गॉसवेलचे आवाज त्यात इतके मुरलेत की शब्द धड कळत नाहीत (आणि कळावेत असं वाटतही नाही). 'कॅच द ब्रीझ'च्या शेवटी गायन थांबतं, गिटारची लाट मात्र चढतच जाते. तेवढा तुकडा आज पाच-सहा वेळा मागे नेऊन ऐकला. दर वेळी अंगावर काटा.

त्या काळी समीक्षकांनी या बँडला फार झोडपलं. मला ते आजही पटत नाही.

आत्ता पुन्हा लावलाय, दिवा बंद करून.