गढीची माती

रविवारची पुरवणी जेवणानंतर छातीवर पसरायची आणि तिच्याखालीच डुलकी काढायची, हा माझा नेम. परवा डुलकी मोडली ती एका पलंगामुळे. युरोपातल्या कुठल्याशा किल्ल्यातली खोली. चार खांबांचा पलंग, भोवती मखमली पडदे, आणि खिडकी म्हणून भिंतीतली बाण सोडायची फट. खाली लिहिलेलं, ‘सरदारासारखे राहा’. आता हे पडदे काही नुसते थाटासाठी नसायचे. त्या दगडी खोल्यांत वारं असं घुसायचं की सरदारालाही हुडहुडी भरायची. पण जाहिरातीत हे कोण लिहील?

किल्ल्यात पैसे मोजून झोपायची हौस तशी जुनी. स्पेनचं सरकार १९२८ पासून ‘पारादोर’ नावाची हॉटेलं चालवतं, त्यातली कितीतरी जुन्या किल्ल्यांत आणि मठांत आहेत. आपल्याकडे राजस्थानातलं नीमराणा. १४६४ सालचा किल्ला, १९८६ मध्ये पडका म्हणून विकला गेला आणि १९९१ मध्ये हॉटेल होऊन उभा राहिला. महाराष्ट्रात २०१९ च्या सप्टेंबरात किल्ले हॉटेलांना देणार अशी बातमी आली, तेव्हा असा गदारोळ उठला की शिवरायांशी नातं असलेल्या किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. गदारोळ रास्तच होता. आमच्या गढ्यांचं मात्र तेव्हा कुणी नावही काढलं नाही.

माझी अडचण वेगळीच. किल्ला म्हणजे ‘येऊ नका’ असं दगडात सांगणं. दौलताबादला जाऊन बघा. दरवाजांवर हत्तींसाठी अणकुचीदार खिळे, ते ओलांडलं तर खंदक, खंदक ओलांडला तर वटवाघळांच्या वासानं भरलेली अंधारी. एवढा बंदोबस्त केलेल्या दारात कुणी हसून लिंबू सरबताचा पेला पुढं करतो, तेव्हा मला उगीच घुसखोर पकडला गेल्यासारखं वाटतं.

आजोळच्या गावाला गढी होती. औशाकडचं गाव, देशमुखांची गढी, देशमुख कधीच हैदराबादला निघून गेलेले. खाली काळ्या दगडाचा पाया, वर पांढऱ्या मातीचे बुरूज. मोठा दरवाजा कायमचा बंद. त्यातल्या दिंडीतून वाकून आत शिरलं की पेवांची तोंडं, वाढलेली घाणेरी आणि एक कायमचा कुबट वास. हंड्यावर नाग बसलाय म्हणून आम्हाला तिकडं जायची बंदी, त्यामुळं रोज दुपारी आम्ही तिथंच. मामाला मात्र हंड्यात काडीचा रस नव्हता. त्याचा डोळा बुरुजावर. मृग लागायच्या आत अख्खं गाव टिकाव-घमेली घेऊन गढीवर चढायचं. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, टाकायला त्या मातीसारखी माती नाही. पाणी पडलं की ती घट्ट बसते, थेंब खाली येऊ देत नाही. मामा ढेकूळ हातात घेऊन बोटांनी चुरायचा, वास घ्यायचा आणि म्हणायचा, “ही घे, ती खालची चोपण हाय, गळतीया.” बैलगाडी भरायची, माती माळवदावर पसरायची, मग आजी चोपण्यानं ठोकत बसायची. दरसाल गढी हातभर खचायची आणि गावाची माळवदं बोटभर चढायची. कुणाला त्यात वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. देशमुखाच्या बुरुजाखाली सगळं गाव निवांत झोपायचं, आणि तेही फुकटात.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं दमून घरात झोपलेली. चार वाजायच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती आणि वर पिढ्यान्‌पिढ्या चढवलेली माती, सगळं अंगावर आलं. हजारो माणसं गेली. आमची आजी वाचली. पण पुढं पावसाळ्यातसुद्धा ती घरात झोपली नाही. गावानं उरलेली माळवदं उतरवली, पत्रे घातले. गढीवर त्यानंतर टिकाव घेऊन कोणी गेलं नाही.

काही वर्षांपूर्वी आईला राजस्थानात अशाच एका किल्ल्यातल्या हॉटेलात नेलं होतं. मी आपला हौसेनं भिंतीची जाडी वितीनं मोजत होतो, ती पलंगावर बसून आढ्याकडं बघत होती. सामान ठेवायला आलेल्या पोराला तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, “ऊपर माती है क्या स्लॅब?” त्याला काही कळलं नाही. रात्री तिनं गादी ओढत समोरच्या उघड्या चौकात नेली. “इथं हवा बरी हाय,” म्हणाली. मीही उशी घेऊन बाहेर आलो.

खोलीचं भाडं पूर्ण लागलं.