रानघोड्यांची लस: टोचणं सोपं, बूस्टर सांभाळणं अवघड

पीझेडपी ही घोड्यांसाठीची गर्भनिरोधक लस कळप लहान करत नाही, कळपाची वाढ रोखते. हे आधीच समजून घेतलं नाही तर दोनतीन वर्षांनी "घोडे तर तेवढेच दिसतात" म्हणत लोक काम सोडून देतात. अमेरिकेतल्या मेरीलँडच्या अ‍ॅसाटीग बेटावर 1994 पासून बरीच वर्षं घोड्यांना ही लस नियमित दिली गेली. तिथली वाढ लवकर थांबली, पण सुमारे 175 घोड्यांचा कळप शंभराच्या आत यायला दीड दशकाहून जास्त काळ गेला. दरवर्षी वीण आणि दूध पाजणं सुटल्यामुळे घोड्या धडधाकट राहिल्या आणि जास्त वर्षं जगू लागल्या. त्यामुळे आधीच खूप वाढलेल्या कळपासाठी नुसती लस पुरत नाही. काही घोडे बाहेर काढावेच लागतात. हे अनेक प्राणिप्रेमींना रुचत नाही, पण आकडा आकडाच असतो.

लस डुकराच्या अंडाशयातून काढलेल्या प्रथिनाची असते. ती दिल्यावर घोडीच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं तिच्याच बीजांडाच्या आवरणाला चिकटतात आणि शुक्राणूला तिथे जागा मिळत नाही. घोडी माजावर येत राहते, टोळी मोडत नाही. आधीच गाभण असेल तर शिंगरू नीट जन्मतं. गर्भ 11 महिन्यांचा असल्यामुळे लशीचा परिणाम दिसतो तो पुढच्या वर्षी.

मात्रा 100 मायक्रोग्रॅम. अर्धा मिली पीझेडपी आणि अर्धा मिली अ‍ॅडजुव्हंट (लशीचा परिणाम वाढवणारं तेलकट द्रव्य) काचेच्या दोन सिरिंजमध्ये घ्यायचं, सिरिंज जोडनळीने जोडायच्या आणि मिश्रण इकडून तिकडे साधारण शंभर वेळा ढकलायचं. सुरुवातीला दट्ट्या सहज सरकतो, मग मिश्रण दाट, पांढरं होतं आणि अंगठा दुखायला लागतो. तिथे थांबण्याचा मोह होतो. नेमकं तेच करू नये. अर्धवट घोटलेलं मिश्रण डार्टमध्ये (दुरून बंदुकीने मारायच्या लशीच्या सुईत) फुटतं, तेल आणि पाणी वेगळं होतं. चांगल्या मिश्रणाचा थेंब गार पाण्यावर टाकला तर तो न पसरता तसाच राहतो. पहिल्या डोसला सुधारित फ्रॉइंड अ‍ॅडजुव्हंट, पुढच्या सगळ्यांना अपूर्ण फ्रॉइंड. हे तेल माणसाच्या बोटात गेलं तर जखम चिघळते, म्हणून भरलेली सुई हाताळताना घाई नको.

पहिल्या डोसनंतर किमान दोन आठवड्यांनी बूस्टर, तोही विणीचा हंगाम सुरू होण्याआधी, आणि मग दरवर्षी एक. डार्ट पुठ्ठ्याच्या, म्हणजे मागच्या भागाच्या, जाड स्नायूतच मारायचा. साधारण 40 मीटरच्या आत, घोडी आपल्याकडे बाजू करून स्थिर उभी असताना. वारा असेल तर सोडून द्या. घोडी उद्याही तिथेच चरत असते. बिनकाट्याची सुई असल्याने डार्ट गळून पडतो. तो शोधायचाच, कारण लस गेली की नाही हे त्यावरूनच कळतं. आदळून उसळलेला डार्ट अनेकदा भरलेलाच सापडतो. तो डोस नोंदवहीत "दिला" म्हणून चढला की पुढच्या वर्षी शिंगरू दिसतं आणि खापर लशीवर फुटतं.

खरं काम नोंदवहीत आहे. प्रत्येक घोडीचा रंग, कपाळावरचा टिळा, कोणता पाय कुठवर पांढरा, आयाळ कोणत्या बाजूला पडते, टोळी कोणती, हे सगळं फोटोसह हवं. टिळा नसलेल्या दोन तांबड्या घोड्या एकाच टोळीत असल्या की एकीला दोनदा डोस जातो आणि दुसरी कोरीच राहते.

हिशेब कठोर आहे. 100 घोड्यांपैकी 80 जणींना लस दिली आणि ती नव्वद टक्के लागू पडली, तरी 28 जणी विणू शकतात. चांगल्या कुरणावर कळप वर्षाला 15 ते 20 टक्के वाढतो, म्हणजे चारपाच वर्षांत दुप्पट. म्हणून निम्म्या घोड्यांना लस देऊन समाधान मानणं म्हणजे पैसा वाया.

अमेरिकेतल्याच नेवाडासारख्या विस्तीर्ण प्रदेशात घोडे माणूस दिसताच पळतात. तिथे दरवर्षी डार्ट मारणं जमत नाही, म्हणून घोडे गोळा करून हाताने टोचलं जातं. अशा ठिकाणी गोनाकॉन ही दुसरी गर्भनिरोधक लस बरी. ती थेट प्रजनन-संप्रेरकाच्या साखळीवर काम करते, त्यामुळे माजच मंदावतो. एकाच डोसचा भरवसा कमी, दुसऱ्या डोसनंतर परिणाम कित्येक वर्षं टिकू शकतो. पण तोच तिचा धोकाही आहे, कारण उद्या कळप फार घटला तर घोडी पुन्हा कधी विणेल याची खात्री देता येत नाही. पीझेडपीचंही सलग अनेक वर्षांनंतर तसंच होतं. म्हणून दुर्मीळ वंशरेषेतल्या घोडीला आधी एकदोन शिंगरं होऊ द्यावीत आणि मगच तिचं नाव डोसच्या यादीत चढवावं.